बुधीबायचं डोकं

मी ग्रामसेविका. पण गावाकडे या खुर्चीला 'भाऊसाहेब' म्हणायची रीत आहे, त्यामुळे तलासरीच्या आतल्या त्या गावात रुजू झाले त्या दिवसापासून मी साडी नेसलेली भाऊसाहेब झाले. "भाऊसाहेब, तुमच्या पदराची पिन निघाली," असं बायका मला बिनदिक्कत सांगायच्या. सरपंच बुधीबाय मात्र पहिल्याच दिवशी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "बाय आहेस ना? मग भाऊ कशाला?" आणि तिने मला बायसाहेब करून टाकलं. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतं. कलेक्टर आले तरी तिने त्यांना "बस" म्हटलं असतं.

हे २०१४ सालचं. मी डहाणूजवळच्या नरपडची. घरची चिकूची वाडी, नवऱ्याचं डहाणूत दुकान, माझी नोकरी. रोज एस.टी.ने तलासरी आणि तिथून इको गाडीने आत. तोवर बाई सरपंच मी पुष्कळ पाहिल्या होत्या. राखीव जागेवर बाई निवडून येते, खुर्चीवर नवरा बसतो आणि बाई चहा सांगायला उठते. किनाऱ्याकडच्या शिकल्यासवरल्या गावांतही हेच. म्हणून पहिल्या मासिक सभेला मी सवयीने दोन खुर्च्या मांडल्या, एक सरपंचांना आणि एक त्यांच्या मिस्टरांना. बुधीबाय एकटीच आली. दुसऱ्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली.

"मिस्टर नाही आले?" मी विचारलं.

"लाहनू? तो ताडाच्या झाडावर असंल. नायतर झाडाखाली. त्याचं इथं काय काम?"

ठेंगणी, काटक, पन्नाशीला टेकलेली बाई. गुडघ्यापर्यंत कासोटा, दंडावर गोंदलेलं, आवाज घोगरा आणि तीन शेतं ओलांडून जाणारा. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुठल्या कागदावर काय आहे ते मला दोनदा वाचायला लावायची आणि दुसऱ्या वेळी एखादं वाक्य मी घाईत गाळलं तर बोट ठेवायची, "इथं मघाशी काय तरी जास्ती होतं."

नळयोजनेचा ठेकेदार एकदा काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला आला. शाईचा पॅड उघडून तयार. बुधीबाय उठली आणि चालू लागली. वरच्या पाड्यापर्यंत पाइपाच्या कडेने ती पुढे, ठेकेदार मागे, त्याच्यामागे मी. शेवटच्या तोटीशी तिने हात धरला. थेंब नाही. "आधी पाणी दाखव," ती म्हणाली, "तोवर मी तुला अंगठा दाखवते." आणि खरोखरच त्याच्या नाकासमोर अंगठा धरला. पुढच्या महिन्यात पाणी आलं.

पण तिचा मान सरपंचपदाचा नव्हता. तो आधीपासूनचा होता. ती धवलेरी होती. वारल्यांत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. बाई. ती गाणी म्हणते, ती विधी करते, आणि तिचं म्हणून झाल्याशिवाय लग्न लागत नाही. हे कळलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते आणि तालुक्याबाहेर कधी राहिले नव्हते. घरापासून तासाभरावर बायका लग्नं लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पूजा मांडली की बाईने नवऱ्याच्या हाताला हात लावायचा आणि गुरुजी सांगतील तेव्हा मागे सरकायचं, एवढंच मी शिकले होते.

तिने लावलेलं एक लग्न मी बसून पाहिलं. नवरा-नवरी बारा वर्षं एकत्र राहत होती. लग्नाचा खर्च जमला नव्हता, म्हणून राहिलेलं. त्यांची तीन मुलं आईबापांना हळद लावत होती. गाणं लांबलं तसा नवऱ्याचा मामा वैतागला. "आटप गो बुधे, जेवण थंड होतंय."

बुधीबाय थांबली. मांडी घालून बसली आणि पिशवीतून तंबाखू काढली. "मी बसते. तू लाव."

मामा आधी हसला, मग इकडेतिकडे बघायला लागला, मग त्याची बायकोच त्याच्यावर ओरडली. शेवटी त्याने पुढे येऊन वाकून "चुकलं" म्हटलं, तेव्हा तिने तंबाखू थुंकून गाणं धरलं. परत पहिल्यापासून.

नंतर मी तिला विचारलं, "तुमचं म्हणताना काही चुकलं तर?"

"मी चुकले तर लगीन चुकलं," ती म्हणाली. "म्हणून मी चुकत नाय."

जुन्या चालीत सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. बाईला भुताळीण ठरवणारे भगतही याच पाड्यांतले. माझ्या डोळ्यांदेखत तसं झालं. एका घरी मूल तापाने गेलं आणि भगताने शेजारच्या विधवेचं नाव घेतलं. सकाळी आठ-दहा पुरुष तिच्या दारात. मी पोलीस ठाण्याला फोन लावून धावत पोचले, तर उंबऱ्यात बुधीबाय बसलेली आणि लग्नाचं गाणं म्हणत होती. विधवेच्या दारात लग्नाचं गाणं! पण धवलेरीचं गाणं मध्ये कोणी तोडत नाही, आणि ते किती लांबवायचं हे तिच्या हातात. पोलिसांची जीप यायला दोन तास लागले. ती दोन तास गायली. ते पुरुष काठ्या टेकून, चडफडत, ऐकत उभे राहिले. मला वाटलं होतं की या बाईला आता कोणी गप्प करू शकणार नाही.

लाहनू, तिचा नवरा, अगदी निरुपद्रवी माणूस होता. प्यायचा, गायचा, कोपऱ्यात झोपायचा. कधी कोणावर हात उगारला नाही, आवाजही नाही. मग त्याला रक्ताची उलटी झाली. डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता एक घोट घेतला तरी मरेल. बुधीबायने दारू लपवली, भांडली, त्याला खोपीत कोंडला. तो कुडातून बाहेर पडून प्यायचा. अशा वेळी पास्टर आला.

तो गुजरातच्या सीमेपलीकडून मोटारसायकलवर यायचा. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, प्रत्येक बाईला 'बेन'. गावात त्याने एक पत्र्याचं प्रार्थनाघर उभारलं होतं, कुठल्या मोठ्या चर्चशी नातं नसलेलं, त्याचं स्वतःचं. आजारी माणसाला मागे बसवून दवाखान्यात नेताना मी त्याला दोनदा पाहिलंय, हे लिहिलं पाहिजे. लाहनूच्या डोक्यावर हात ठेवून त्याने महिनाभर रोज प्रार्थना केली. आणि लाहनूची दारू सुटली. खरोखर सुटली. त्याच्या डोळ्यांतली लाली गेली, तो अंग धुऊन शर्ट घालू लागला. घरच्या तिघांनी, म्हणजे ती, लाहनू आणि मुलगी सुनीता, प्रार्थनाघर धरलं. मी खूश होते. माणूस वाचला, मग देव कुठलाही असो, असा माझा हिशेब.

पहिला धक्का एका म्हाताऱ्याने दिला. शेजारच्या पाड्यावरचा, ऑफिसात येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, नोटीस काढा."

"कोणाला?"

"बुधीला. घरच्या पोशीचं, पोरीचं लगीन आहे, ती लावायला येत नाय. सरकारी माणूस आहे ना ती? नोटीस काढली का येईल."

मी हसले. धवलेरीला नोटीस कुठल्या नियमाखाली काढतात? संध्याकाळी बुधीबायला सांगितलं तर ती हसली नाही.

"ते गाणं सैतानाचं," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"पास्टर."

"बरं, मग प्रार्थनाघरातली लग्नं लावा. तिकडची गाणी शिका. तुम्हाला काय जड आहे?"

"तिकडे बाय लावत नाय. बाय पुढं उभी राहत नाय." दवाखान्यात आत जायची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं.

मी घरी जाताना त्याच वाक्यावर अडकून बसले. ख्रिस्ती धर्माशी माझं वैर नाही. मला लहानपणी टाके घातले ते मिशनच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने, आणि ती स्वतः जीप चालवायची. पण आता आठवून पाहिलं: अख्खा दवाखाना चालवणाऱ्या त्या बाईलाही वेदीपाशी उभं राहायला फादरच लागायचा. आमच्या घरी गुरुजी, त्यांच्याकडे फादर. आम्हाला ती जागा कधी मिळालीच नव्हती. बुधीबायकडे ती होती. जी धर्माने बायकांना देऊ नये असं जगभर ठरलेलं, ती जागा या अंगठेबहाद्दर बाईकडे पिढ्यान् पिढ्या होती, आणि तारणाच्या नावाखाली तिच्याकडून काढून घेतली गेली. तीही तिच्याच हाताने.

मग एक मेची ग्रामसभा. विषय साधा होता: नवी अंगणवाडी वरच्या पाड्यात की खालच्या. मुलं वर जास्त, रस्ता खाली. गाव दोन्हीकडे सारखं वाटलेलं. निर्णय सरपंचांवर आला. बुधीबाय खुर्चीवर होती, डोक्यावर पांढरी ओढणी. ओढणीत मी तिला तोवर पाहिलं नव्हतं.

"सरपंच, तुमचं मत सांगा," मी म्हटलं. "मला लिहायचंय."

"माझ्या डोक्याला विचार," ती म्हणाली.

सभा हसली. मीही हसले, तिची थट्टा अशीच असायची. ती हसली नाही. तिने बोट केलं. चिंचेखाली लाहनू बसला होता. "पुरुष बायचं डोकं असतो. माझं डोकं तिथं बसलंय. त्याला विचार."

लाहनूने दचकून मागे वळून पाहिलं, बोट दुसऱ्या कोणाकडे आहे का म्हणून. "मना काय ठावं?" तो म्हणाला. "अंगणवाडीचं तीच सांगंल. बुधे, सांग ना गो."

सभेच्या कडेला पास्टर मोटारसायकलवर बसला होता. तो हसून म्हणाला, "बोलो ने लाहनूभाई. घरना मुखी तमे छो." घरचे प्रमुख तुम्हीच, असं.

लाहनूने घाम पुसला आणि म्हणाला, "खाली." का, तर तो स्वतः खालच्या पाड्यात बसला होता. अंगणवाडी खाली गेली. वरच्या पाड्याच्या बायका दोन-दोन पोरं कडेवर घेऊन अजून ती टेकडी उतरतात.

प्रोसिडिंगच्या वहीत मी 'सरपंचांनी मत दिले' असं लिहिलं. नवऱ्याने मत दिलं असं लिहायला नियमात जागा नाही. सभा उठल्यावर मी तिला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"हे काय चालवलंय तुम्ही? ठेकेदाराला अंगठा दाखवणारी बाई ती तुम्हीच ना?"

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळू म्हणाली, "बायसाहेब, नांग, बघ. तो पीत नाय. पास्टर सांगतो, घरात बाय वर झाली का देव निघून जातो. मी बोलले, आणि देव गेला, आणि त्यानं परत धरली तर?"

तिचा व्यवहार मला कळला. नवऱ्याच्या जिवासाठी तिने आवाज गहाण ठेवला होता, आणि तो कोणाकडे ठेवलाय तेही तिला ठाऊक होतं.

पुढच्या दोन वर्षांत लाहनू शिकला. आधी चाचरत, मग बिनचाचरत. ती चहा करायची, तो खुर्चीवर बसायचा, आणि माझ्या ऑफिसात आता दोन खुर्च्या पुन्हा लागू लागल्या. दारू प्यायचा तेव्हा त्याने तिला कधी "ए" म्हटलं नव्हतं. आता "पाणी आण" म्हणायचा. निवडणूक आली तेव्हा प्रार्थनाघरात रविवारी नावं वाचून दाखवली गेली, कोणाला मत द्यायचं ते. त्यात बुधीबाय नव्हती. तिनेही पास्टरने सांगितलेल्या पुरुषालाच मत दिलं. दुसऱ्या बाजूने शहरातली काही मंडळी गाड्या घेऊन आली, या लोकांना आपल्या धर्मात परत आणू म्हणत. त्यांनीही मंच बांधला, आणि मंचावर एकूण एक पुरुष. आमच्या माताभगिनी, आमच्या माताभगिनी, असं दोन तास चाललं. गर्दीत बसलेल्या धवलेरीला, बुधीबायला, कोणी एका शब्दाने विचारलं नाही. ती उठून घरी गेली.

सुनीता, तिची मुलगी, हुशार. कोसबाडला बालवाडीचं शिकली होती. तिचं लग्न पास्टरने जमवलं, सीमेपलीकडच्या प्रार्थनाघरातला कंपनीत काम करणारा मुलगा. लग्नात बुधीबाय शेवटच्या रांगेत बसली होती. इतरांच्या पोरींची लग्नं लावलेली ही बाई स्वतःच्या पोरीच्या लग्नात तोंडातून एक अक्षर काढत नव्हती.

वर्षभरात सुनीता परत आली. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने मारलं होतं.

पूर्वी याला उपाय होता, तो मला बुधीबायनेच सांगितलेला. पोरगी नांदत नसेल तर घरी येते, पंच बसतात, दिलं-घेतलं परत होतं, आणि पोरगी मोकळी. "आमच्यात बाय अडकून पडत नाय," असं ती अभिमानाने सांगायची. प्रार्थनाघरात ते नव्हतं. तिथे जोडलेलं सुटत नाही.

आणि त्याच थंडीत जमीन हलू लागली. २०१८ संपता संपता डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले, आठवड्यातून कितीतरी वेळा. भिंती तडकल्या, लोक अंगणात राहायला आले. मी तंबूंची यादी घेऊन पाड्यापाड्याने फिरत होते. एका रविवारी प्रार्थनाघराबाहेर ताडपत्रीखाली लोक जमले होते. पत्र्याखाली बसायची भीती. पास्टर सांगत होता, बायका नवऱ्याचं घर मोडून निघतात तिथे जमीन खवळते. त्याने नाव घेतलं नाही. गरजच नव्हती. सगळ्या माना सुनीताकडे वळल्या.

मी यादी खाली ठेवली आणि बुधीबायकडे पाहिलं. विधवेच्या उंबऱ्यात दोन तास बसलेली बाई. भगताने बाईचं नाव घेतलं तेव्हा तिने काय केलं ते मी पाहिलं होतं, आणि इथे फक्त शर्ट इस्त्रीचा होता. मला खात्री होती की ती उठणार.

तिने ओढणी कपाळावर आणखी ओढली. उठला तो लाहनू. "पोशी परत जाईल," तो म्हणाला. या वेळी त्याने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुनीताला गाठलं. महिला हेल्पलाइनचा नंबर दिला, तक्रार कुठे द्यायची ते कागदावर लिहून दिलं. "आत्ता नको असेल तर नरपडला माझ्या घरी चल," म्हटलं. "एक खोली रिकामी आहे."

"येईन मॅडम," ती म्हणाली. "आयेने एकदा 'जा' म्हणू दे. तिने म्हटलं तर मी कोणाला भिणार नाय. मी तिला तीनदा विचारलं. ती बापाकडे बघते."

सज्ञान मुलीला हाताला धरून ओढून नेता येत नाही. मी सुनीताला एवढंच सांगितलं, जायच्या दिवशी मी तलासरीला असेन.

त्या सकाळी हायवेच्या थांब्यावर ते तिघे उभे होते. गुजरातकडे जाणाऱ्या बसची वाट बघत. लाहनू गाडीची चौकशी करायला पलीकडे गेला, चांगला शंभर पावलांवर. आम्ही तिघी बायकाच उरलो.

"बुधीबाय," मी म्हटलं, "डहाणूची गाडी ती समोर उभी आहे. मी हिला घेऊन जाते. तुम्ही काही करू नका. फक्त तोंडाने म्हणा."

सुनीता आईकडे बघत होती. "आये, सांग ना गो."

बुधीबायचे ओठ हलले. मी शपथेवर सांगते, हलले. गळ्याची शीर ताठ झाली, गाणं उचलायच्या आधी व्हायची तशी. मग तिची नजर आमच्या दोघींच्या मधून रस्त्यापलीकडे गेली, आणि लाहनू येईपर्यंत ती तिथेच राहिली. तो लांब होता. त्याला ऐकूसुद्धा आलं नसतं.

डहाणूची गाडी सुटली. मग त्यांची आली, खच्चून भरलेली. लाहनू सुनीताला पुढे घालून चढला आणि गर्दीत आत गेला. बुधीबाय खाली राहिली, मुलीची पिशवी हातात.

"मावशी, यायचंय की पोचवायला आलात?" कंडक्टरने विचारलं. "बोला पटकन."

ती दारातून आत लाहनूला शोधत होती.

"अहो मावशी, तोंड आहे ना? हो की नाही?"

त्याने दोन घंट्या मारल्या. गाडी हलली. मी तिचा दंड धरला. मनात आलं, राहू दे, निदान ही तरी राहू दे. तेवढ्यात पन्नासेक पावलांवर ब्रेक लागले. खिडकीतून लाहनूचं अर्धं अंग बाहेर आलं.

"चढ गो! चढ!"

तिने माझा हात झटकला, पिशवी काखेत मारली, आणि हायवेवरच्या धुरळ्यातून ती बसकडे धावत सुटली.